जोडीनं ठेवलेल्या उंदरिणी

आमच्या प्राणीगृहातल्या उंदरांना पुष्पाबाईंइतकं कुणी ओळखत नसे. मी तर नाहीच. मी पीएच.डी. करत होते, आणि पीएच.डी. करणाऱ्याला उंदीर दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. पुष्पाबाईंना मात्र कुठली खादाड, कुठली भित्री, कुठली उगाच भांडखोर, सगळं तोंडपाठ. "ही बगा, अगदी तुमच्यावानी. सकाळी सकाळी नाकावर राग," असं एकीला दाखवून मला सुनावायच्या.

केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला लागून आमचं फार्मसी कॉलेज. माझा विषय होता सततच्या ताणाचा उंदरिणींच्या प्रजननावर होणारा परिणाम. अठ्ठेचाळीस उंदरिणी. निम्म्या मजेत, एका पिंजऱ्यात चार-चार. उरलेल्या चोवीस महिनाभर एकेकट्या, आणि रोज सकाळी तीन तास प्लास्टिकच्या अरुंद नळीत, जिथं वळताही येत नाही. नळीत घालण्याआधी प्रत्येकीच्या योनीतल्या स्रावाचा नमुना घ्यायचा, काचेवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचं चक्र कुठवर आलंय ते बघायचं. त्यांचं चक्र चार-पाच दिवसांचं. आपल्या पाळीचं चुलत भावंडच म्हणा. ताण वाढत गेला की ते अडखळतं, काहींचं थांबतंच.

पुष्पाबाई तिसगावकडच्या. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, हिनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या. असे अकरा हंगाम. त्यात तीनदा दिवस राहिले आणि तीनदा फडातच पोट पडलं. पुढे अंगावरून जाणं थांबेना, तेव्हा कुण्या डॉक्टरनं पिशवीच काढून टाकली. पुष्पाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. सासू बनुबाई गावभर सांगत सुटली की सुनेच्या अंगातच खोट आहे. नवऱ्यानं दुसरी केली. पुष्पाबाई केडगावला भावाकडे आल्या, चार घरची धुणीभांडी केली आणि शेवटी आमच्याकडे लागल्या. हे सगळं त्यांनी मला पाण्याच्या बाटल्या घासता घासता सांगितलं होतं, आणि मी नोंदी लिहिता लिहिता ऐकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. ताणाच्या गटातल्या सोळा उंदरिणींचं चक्र बिघडलं होतं, पण पिंजऱ्यांच्या मांडणीतल्या खालच्या दोन ओळींतल्या आठ जणींचं घड्याळासारखं चालू. मी रंगद्रव्य बदललं, भिंगं पुसली, स्वतःवर संशय घेतला. मग एका दुपारी विसरलेला चष्मा न्यायला अवचित परत आले, तर खालच्या ओळीतल्या पिंजऱ्यात दोन उंदरिणी एकमेकींना चिकटून झोपलेल्या. पुढ्यात पुष्पाबाई बसलेल्या. रोज नळीतून काढलं की त्या दुपारभर त्यांना जोडीनं ठेवायच्या आणि संध्याकाळी मी यायच्या आत पुन्हा वेगळं करायच्या. स्टुलावर चढणं गुडघ्यांना जमत नव्हतं, म्हणून फक्त खालच्याच.

"पुष्पाबाई, अहो माझ्या कामाची माती केलीत तुम्ही!"

"नळीतून निगाल्या की लई कापत्यात, मॅडम. दुसरीच्या अंगाला अंग लागलं की थांबत्यात." त्या उठल्या नाहीत. "आमच्यात पोट पडलेल्या बाईपाशी तीन दिस कुनीतरी बसतं. फडात माज्यापाशी कुनी बसलं न्हाई. समदी तोडीला गेल्ती. मग मीबी उठले आन मोळ्या बांधाया गेले."

माझं मन तेव्हा पाघळायला हवं होतं. ते पाघळलं नाही. मला नुसती प्रबंधाची मुदत दिसत होती.

"येक इचारू?" त्या म्हणाल्या. "वरच्या वळीतल्या ज्या बिगाडल्या, त्यांच्या अंगात खोट हाय का?"

"नाही. सगळ्या एका वयाच्या, धडधाकट आहेत. त्या नळीनं बिघडल्या."

"मग माज्या अंगात तरी हुती का? सासू म्हातारी आता चार दिसांची सोबती हाय. जाऊन तिला येकदा सांगीन म्हनते, आमच्या मॅडम असं म्हनल्या म्हनून."

"उंदरांवरून माणसांचं असं थेट सांगता येत नाही," मी म्हणाले.

वाक्य बिनचूक होतं. कुठल्याही परीक्षकानं मान डोलावली असती. पण मी ते रागानं बोलले होते, आणि ते माझं मला कळत होतं. पुष्पाबाई "बरं" म्हणाल्या आणि त्या दोघींना वेगळं केलं.

दोन दिवसांनी त्या तिसगावला गेल्या. इकडे माझ्या गाईडनं त्या आठ जणी हिशेबातून काढल्या आणि नव्या उंदरिणी आणून सगळा प्रयोग पुन्हा करायला सांगितला. आठवड्यानं पुष्पाबाई परत आल्या तोवर माझा राग ओसरला होता. सासूबाई भेटल्या का, म्हणून मी विचारलं.

"भेटल्या की. मीच पानी पाजलं. 'आलीस व्हय,' म्हनल्या."

"मग? सांगितलंत?"

"काय सांगनार? तुमीच म्हनलात, थेट सांगता येत न्हाई. मरनाऱ्या मानसाम्होरं लबाड कसं बोलू?" त्यांनी पदर खोचला. "त्या म्हनल्या, पुडच्या जल्मी तरी चांगलं अंग घिऊन ये. मी व्हय म्हनले. पाटंच्याला गेल्या."

मी म्हणाले, "पुष्पाबाई, तुमच्यात खोट नव्हती. उपाशीपोटी असली ओझी वाहून कुणाचंही पोट पडलं असतं." हे सांगायला मला एकही उंदीर लागत नव्हता. त्या दिवशीही लागला नसता.

"आता काय त्याचं, मॅडम. मी तर व्हय म्हनून बसले."

त्यांनी धुतलेल्या नळ्यांचा ट्रे माझ्यापुढे ठेवला. नव्या उंदरिणी कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या.

"नळ्या वाळल्यात. घालायच्या का आज?"

मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजले होते. घालायच्या होत्या.