चाळणीबाईंचा एक आकडा

आरोग्य खात्यात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. देशोदेशीचे अभ्यास गोळा करायचे, चाळून घ्यायचे आणि कोणत्या उपचारावर पैसे घातले तर पदरात काही पडतं, ते खात्याला सांगायचं, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं त्या खिडकीजवळच्या एकाच टेबलावर बसत. खिडकी उघडत नसे.

यंदा प्रश्न होता म्हाताऱ्या माणसांच्या मोडणाऱ्या हाडांचा. चाळीस रुग्णालयांत हाडं तपासायचं यंत्र घ्यायचं, की कुठे पाय घसरेल ते बघायला म्हाताऱ्यांच्या घरी नर्स पाठवायची?

"बाई, मला एकच आकडा द्या," संचालक म्हणाले. "चौदा अभ्यास आहेत ना? काढा सरासरी आणि व्हा मोकळ्या."

"तेरा आहेत, साहेब. एक दोनदा छापलाय. लेखकांची नावं तेवढी मागेपुढे केलीत."

नेमका तोच अभ्यास यंत्राची तळी उचलत होता. बाईंनी तो एकदाच धरला, परदेशातले पगार इथल्या पगारांशी जुळवले, छोट्या अभ्यासांना कमी भार दिला. यंत्र पार मागे पडलं. तेवढ्याच पैशांत नर्स तिप्पट हाडं वाचवत होती.

संचालकांचा चेहरा उतरला. "अहो, पण पहिल्या यंत्राचं उद्घाटन ठरलंय!"

"करा की उद्घाटन," बाई म्हणाल्या. "बाकीची एकोणचाळीस घेऊ नका, म्हणजे झालं."

तसंच झालं. फीत कापली गेली आणि पुढच्या महिन्यापासून नर्स घरोघरी फिरू लागल्या. बाईंच्या घरीही एक आली. बाथरूमसमोरचं सरकणारं पायपुसणं बघून तिने नुसती मान हलवली. सासूबाईंनी ते तिथल्या तिथे उचललं.

"आई, मी सहा वर्षं हेच सांगतेय!"

"तू नुसतं सांगतेस गं. ती तपासून सांगते."



वर्षाअखेर हाडं मोडायचं प्रमाण कमी झालं, पण बाईंनी सांगितलं होतं त्याच्या निम्मंच. तरी यंत्रापेक्षा ते सरस होतं. बाईंनी दोन्ही गोष्टी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिल्या.

"हे शेवटच्या पानावर नाही का चालणार?" संचालकांनी विचारलं.

"शेवटचं पान कुणी वाचत नाही, साहेब."

"म्हणूनच तर म्हणतोय."

बाईंनी पान हलवलं नाही. संचालकांनी चष्मा काढून सही केली. तीन आठवड्यांनी वरून उत्तर आलं: नर्स चालू ठेवा, दरवर्षी असंच मोजत जा.

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी जाऊन गाढ झोपल्या.