नंबर यायच्या आधीची पाटी

“अगं हळू, बाहेर ऐकू जातंय,” आई पुन्हा म्हणाली.

“जाऊ दे की! ज्यांना ती पाटी वाचता आली त्यांना हेही ऐकू दे.” बेबीने खांद्यावरची पिशवी अजून खाली ठेवली नव्हती. “बाबा, शेवटचं विचारते. तुम्ही उतरवता की मी उतरवू?”

“खिळे पक्के आहेत,” बाबा म्हणाले.

कॉटवरून आत्या बोलली, “जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवल्या माझ्या भावाने. एक घरची रंगवली तर पोरीच्या अंगाला भोकं पडली.”

“आत्या, तू मध्ये बोलू नकोस.”

“मी मध्ये नाही, कडेला आहे. मला उठवतंय कोण?”

पाटी दाराच्या उजव्या अंगाला होती, पांढऱ्यावर निळी अक्षरं आणि कोपऱ्यात लाल फुली. ‘येथे इंजेक्शन व ड्रेसिंग करून मिळेल’ असं लिहून खाली बेबीचं पाळण्यातलं नाव आडनावासकट घातलं होतं. घरात ते नाव कुणी घेत नसे. एकवीस वर्षांची झाली तरी ती घरात बेबीच होती, आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून वॉर्डात सिस्टर. बाबांनी पाटीवर सिस्टर लिहिलं होतं. ती आठवडाभर दुसऱ्या दवाखान्यात ड्यूटीला होती, तिकडेच राहायला. परत आली तर दाराशी हे.

बाबा गावातले जुने पेंटर. छापील फलक आल्यापासून काम उरलं नव्हतं, तरी एकेकाळी निम्म्या डॉक्टरांची नावं त्यांच्या ब्रशखालून गेली होती. नाव मोठं, डिग्र्या मध्यम आणि अगदी तळाला बारीक अक्षरात नोंदणी नंबर, हा हिशोब त्यांच्या बोटांत बसलेला. त्यामुळे लेकीच्या पाटीवरही त्यांनी तळाला एक ओळ मोकळी सोडली होती.

“नंबर आला की भरतो. जागा सोडलीय की,” ते समजुतीने म्हणाले. “रिकामं कुठे ठेवतोय मी?”

“नंबर नाही म्हणून तर पाटी नाही ना लावायची! बाबा, तुम्ही एवढ्या डॉक्टरांच्या पाट्या केल्यात. नंबर कशाला असतो ते एकदाही विचारलं नाहीत?”

“शोभेला लिहायचो मी, बाई.”

तिला हसू आलं असतं, एरवी. आज डोकं नुसतं पेटलं होतं. कारण ती तीन वर्षं याच घरात बसून हेच सांगत होती. कॉलेजची परीक्षा वेगळी आणि नर्सिंग कौन्सिलची वेगळी. कॉलेजची पास झालं की शिक्षण पुरं, कौन्सिलची पास झालं की नंबर, आणि नंबर मिळाला की एकटीने सुई धरायची. तोवर कुणीतरी मोठं माणूस शेजारी उभं हवं. वर्गातल्या मुली म्हणत, आधी कॉलेजचं संपू दे, मग कौन्सिलचं बघू. बेबीने दुसऱ्या वर्षापासूनच प्रश्नसंच आणला. कणीक मळताना आईच्या हातात पुस्तक देई आणि म्हणे, विचार. आई अडखळत वाची, “चार रुग्ण आहेत. सगळ्यात आधी कोणाकडे जाल?” आणि चौघांचं वाचून झालं की स्वतःच म्हणे, “मी बाई चौघांकडे गेले असते.”

“मग नापास झाली असतीस.”

पुस्तकातली चारही उत्तरं बरोबर वाटत, आणि गुण एकालाच. ते एक कसं ओळखायचं याचा बेबीने ध्यास घेतला होता. बसच्या रांगेत, आत्याची साखर तपासताना, गॅसवर दूध असताना. दूध उतू जाई, आई बोले, पण पुस्तक कुणी हातातून काढून घेतलं नाही. त्या घराने तेवढं केलं होतं, आणि म्हणूनच पाटीचा राग जास्त होता.

“कॉलेजच्या बाईंनी वर्गात स्पष्ट सांगितलंय,” ती आता एकेक शब्द तोडून बोलली. “बाहेर कुठे इंजेक्शन देताना सापडलात तर कौन्सिलचा अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे जाणार नाही. मागच्या वर्षीची एक आज चष्म्याच्या दुकानात बसते. मी बसू?”

“देणार कोण होतं? पाटी नुसती—”

“मग लिहिलंय काय तिच्यावर? येथे गाणं शिकवून मिळेल?”

दादा इतका वेळ भिंतीला टेकून मोबाईल बघत होता. तो तोंडातल्या तोंडात हसला. तेवढ्यात दारात सलूनवाला येऊन उभा राहिला. गल्लीच्या टोकाला त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरलेला.

“ताई आल्या का? बरं झालं.” त्याने चप्पल बाहेर काढली. “पाटी झकास झालीय हो पेंटर. ताई, जरा हात बघता का? मान धरली होती म्हणून औषधवाल्याकडून सुई आणली, दादांनी दिली परवा. मान सुटली. पण हा हात काही ऐकेना झालाय. कात्री धरायला जावं तर मनगटच लोंबतंय.”

बेबीने दादाकडे पाहिलं. मोबाईल खिशात गेला होता.

“तू दिलंस?”

“तू नव्हतीस ना इथे. हे दोनदा येऊन गेले. बाबा म्हणाले, परत कसं पाठवायचं, पाटी लावलीय.”

“तुला आत्याचं इन्शुलिन शिकवलं होतं मी. पोटाची कातडी चिमटीत धरून, एवढीशी सुई.”

“मग? सुई ती सुई. महिनाभर देतोय, आत्याला विचार, कळतसुद्धा नाही म्हणते.”

“मला खरंच कळत नाही,” आत्या म्हणाली.

बेबीने पिशवी खाली ठेवली. सलूनवाल्याला खुर्चीवर बसवलं, बाही वर केली. टोचल्याची जागा दंडावर फार खाली, मागच्या बाजूला होती. “मनगट वर उचला,” ती म्हणाली. त्याने जोर लावला. कपाळावर आठ्या आल्या, खांदा उचलला गेला, पंजा तसाच खाली पडून राहिला. हा प्रश्न तिने पुस्तकात सोडवला होता. तिथे माणसाला चेहरा नव्हता, आणि त्याला दाढ्या करायच्या नव्हत्या.

“चला. मोठ्या दवाखान्यात जाऊ. आत्ताच.”

“एवढं आहे का, ताई?”

“आहे.”

दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की सुई नसेला लागली आहे. बहुतेक भरून येईल, पण आठवडे लागतील, कदाचित महिने. तोवर पट्टा बांधायचा आणि व्यायाम करायचा. मग त्यांनी विचारलं, “दिलं कुणी हे?”

सलूनवाल्याने बेबीकडे पाहिलंसुद्धा नाही. “घरच्या घरीच झालं, साहेब. आमचाच आगाऊपणा.”

आणि बेबी गप्प राहिली. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते, तिच्या अंगात कॉलेजचा गणवेश होता, आणि ती गप्प राहिली. घरी येईपर्यंत तिला कुणाचा राग जास्त येतोय तेच कळेना.

संध्याकाळी दाराची पाटी उतरलेली होती. भिंतीवर चार भोकं आणि बाबांच्या अंगठ्याला खरचटलेलं. आईने चहा ठेवला होता. सगळ्यांचे चेहरे परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे.

“काय म्हणाले?” बाबांनी विचारलं.

तिने सांगितलं, सलूनवाला डॉक्टरांना काय म्हणाला तेही. ते ऐकून दादाने मोठा श्वास सोडला. “माणूस चांगला आहे. म्हणजे मिटलं ना?”

“त्याचा उजवा हात आहे तो, दादा. त्याचं दुकान त्या हातावर चालतं.”

“मी जाईन ना मदतीला. झाडलोट करीन, गिऱ्हाईकाचं डोकं धुईन. मुद्दाम केलं का मी?”

“तेही कर. ते करायलाच पाहिजे.”

“मग आणखी काय?”

बाबा खाकरले. “मी म्हणतो, त्याला जरा सांगून ठेवावं. कुणी विचारलंच तर औषधाच्या दुकानातल्या माणसाने दिली म्हणायचं. तुझं नाव कुठे यायला नको, बेबी. तुझ्यासाठीच म्हणतोय.”

“त्या दुकानातल्या माणसाला पोरंबाळं नसतील, नाही?”

“वाकड्यात नको शिरू. चार दिवस पाटी होती, कोण लक्षात ठेवतं?”

“सगळी गल्ली लक्षात ठेवेल. अक्षर तुमचं आहे, बाबा. तुमचं अक्षर लोक विसरत नाहीत.”

ते त्यांना लागलं. त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

आई म्हणाली, “अगं पण घरातलं घरात राहिलं तर बिघडलं कुठे? परीक्षा तोंडावर आलीय. तीन वर्षं डोळे फोडलेस. एकदा नंबर हातात येऊ दे, मग काय सांगायचं ते सांग जगाला.”

“तेव्हा सांगितलं तर तो नंबर माझा नाही, आई. चोरलेला. आणि कुणी आधी जाऊन सांगितलं तर अर्जच जाणार नाही. दोन्हीकडून मरण माझंच. तुम्ही पाटी लावलीत, सुई याने टोचली, आणि आता तोंड मिटायला मी.”

“कुणी सांगणार नाही गं,” आत्या कॉटवरून हळू म्हणाली.

“मी सांगणार आहे.”

गॅसवरचं उरलेलं पाणी खळखळत होतं, ते आईने उठून बंद केलं.

“उद्या सकाळी कॉलेजात बाईंकडे जाणार आहे,” बेबी म्हणाली. “पाटी बाबांनी लावली, इंजेक्शन दादाने दिलं आणि डॉक्टरांसमोर मी गप्प बसले, हे तिन्ही सांगणार. दादा माझ्याबरोबर येणार. अर्ज अडवला तर पुढच्या खेपेला बसेन.”

“मी?” दादा म्हणाला. “मी कशाला?”

“दाढी करून ये,” ती म्हणाली. “घरी कर.”