एकाच साच्यातले खांब

यांचा इंदूरच्या पोलोग्राउंडला फायबरग्लासचा कारखाना आहे. लग्नाच्या हॉलमधले, बंगल्यांच्या पोर्चमधले गोल नक्षीदार खांब तुम्ही पाहिले असतील. दिसतात दगडी, पण आत साधा सिमेंटचा चौकोनी खांब असतो आणि बाहेरून आमचं पोकळ कवच. दोन अर्धे भाग खांबाभोवती जोडायचे, सांध्यात पुट्टी भरायची, वरून दगडासारखा रंग मारायचा. सगळे एकाच साच्यातले, एकात नि दुसऱ्यात केसाचाही फरक नाही, हे आमचे हे प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगतात.

लेकीचा साखरपुडा घरीच करायचं ठरलं, तेव्हा आदल्या दिवशी जुनी इंदूर भागातल्या आमच्या व्हरांड्याच्या खांबांनाही ही कवचं चढली. हौसेला मोल नाही. पाहुणे आले ते म्हणतच, "अरे भिया, एकदम महाल लागतोय!" यांचा आनंद गगनात मावेना. मिरवण्यात मीही मागे नव्हते.

सासऱ्यांना काचबिंदू. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण वाडवडील संस्थानच्या फौजेतले. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातली गत. काठी नको, कुणाचा हात नको. रोज सकाळी खोलीतून निघून व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या बाकावर एकटे जाऊन बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला आवाजावरून हटकायचे. त्यांचा सगळा दिवस त्या बाकावर होता. तिथवर ते पोचतात कसे, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही.

साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी ते व्हरांड्यातल्या पायरीवरून पडले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. मी गुडघ्याची जखम पुसत होते, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "बेटा, आपला तो टवका उडालेला खंबा कुठे गायब झाला?"

कधीतरी कपाट आत नेताना एका खांबाची कड फुटली होती. ती फुटकी कड हाताला लागली की पुढे पायरी, हा त्यांचा हिशेब. आता हाताला लागत होतं ते सगळं गोल, गुळगुळीत आणि सारखं.

"मग बोलला का नाही, बाबा?"

"सगळे इतकी तारीफ करत होते ना. मी कशाला मध्ये बोलू? छान दिसतंय म्हणे."

हे दारातच उभे होते. संध्याकाळी कटर आणून यांनी स्वतः त्या खांबाचं कवच कापून काढलं. काचेची बारीक धूळ व्हरांडाभर पसरली. आम्ही दोघं रात्रभर अंग खाजवत होतो. मला त्या खाजेचं काहीच वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाची वाट आपण हौसेपायी बुजवली, याचंच फार वाईट वाटत होतं. अजूनही वाटतं.

गुडघा बरा झाला. खांब पूर्वीसारखा उघडा आहे, हे यांनी बाबांचा हात त्या फुटक्या कडेवर ठेवून दाखवलं होतं. त्यांनी मान हलवली होती. पण सकाळी बाबा खोलीच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मग खांबाच्या उलट्या दिशेला, घराच्या आत तोंड करून त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "कोणी आहे का? जरा धरून न्या मला."