हट्टी स्पीकर आणि दोन जावई

माझ्या मामाच्या आयुष्याकडून फार अपेक्षा नव्हत्या. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात आलेले पंखे आणि मिक्सर बरे होऊन घरी जावेत, मामीनं त्याच्या ॲम्प्लिफायरवर फुलदाणी ठेवू नये, आणि सासऱ्यांनी मरण्याआधी एकदा तरी त्याला 'छान' म्हणावं. कोणाच्या मरण्याआधी, हे त्यानं कधी स्पष्ट केलं नाही.

ही तिसरी गोष्ट कठीण होती. मामाचे सासरे चित्रपटगृहात मशीन चालवायचे. जन्मभर मोठ्या पडद्यामागचा मोठा आवाज ऐकलेला माणूस. त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी म्हणजे 'चालेल'. मुलगी दाखवायच्या वेळी मामाला बघून ते 'चालेल' म्हणाले, आणि त्यानंतर मामाची बढती झालीच नाही. आम्ही पोरं त्यांना चालेलआजोबा म्हणायचो. अर्थात ते पलीकडच्या खोलीत असताना.

मामाला या शर्यतीत प्रतिस्पर्धी होता, तोही घरातला. मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे मामाचा साडू. हे काका लिफ्ट दुरुस्त करतात. मामा व्हॉल्व्हवाला, काका ट्रान्झिस्टरवाले. मामानं स्वतःच्या हातानं बांधलेल्या ॲम्प्लिफायरवर जुन्या रेडिओत असत तसे काचेचे चार व्हॉल्व्ह उभे असत. ते तापून नारिंगी झाल्याशिवाय तो कोणाला बोलू द्यायचा नाही. काकांचा ॲम्प्लिफायर म्हणजे काळी पेटी. बटण दाबलं की सुरू.

"भाऊ, तुमचा तापेपर्यंत आमचं गाणं संपतं," काका म्हणायचे.

"संपणारच. माणूस मध्येच अडकला की लिफ्टवाल्यालाही प्रवास संपल्यासारखा वाटतो."

"आमच्या लिफ्टमध्ये आजवर कोणी अडकलं नाही!"

"कोण सांगणार? अडकलेलाच ना?"

दोघांची घरं एकाच गल्लीत समोरासमोर असल्यामुळे हा संवाद बहुधा खिडकीतून चाले आणि सगळ्या गल्लीला पाठ होता.

अशात आजोबांनी मोठं घर सोडून मामाच्याच इमारतीतली तळमजल्यावरची लहान खोली घेतली. दोन्ही मुली जवळ, जिना नाही. अडचण एकच, त्यांचे स्पीकर तिथं मावेनात. कपाटाएवढे दोन स्पीकर, आणि स्वभाव धन्याचा. साध्या ॲम्प्लिफायरला जोडले तर सर्दी झाल्यासारखे गायचे. खालचा जाड सूर आला की ते इतका करंट ओढायचे की भले भले ॲम्प्लिफायर धापा टाकायचे. आजोबांनी जाहीर केलं, "जो जावई यांना नीट बोलतं करेल, त्यानं घेऊन जावेत. रविवारी ऐकतो."

मामा त्या दिवसापासून जेवताना ताटाकडे बघेना. त्याला स्पीकर हवे होतेच, पण त्याहून तो शब्द हवा होता. इतकं ऐकल्यावर तरी म्हातारा 'चालेल' म्हणून कसा सुटेल?

रविवारी मामाच्या बैठकीत सगळे जमले. आजोबांची अट होती की कोणता ॲम्प्लिफायर चालू आहे ते त्यांना कळता कामा नये. म्हणून मामीच्या कपाटातली पाहुण्यांसाठी राखलेली चादर दोन खुर्च्यांवरून टाकून दोन्ही ॲम्प्लिफायर झाकले. तारा बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी दोघांनाही सारखाच आवडत नाही, म्हणून मी निःपक्ष. शिवाय आजोबा म्हणाले, "मी डोळेही मिटतो. तुमच्या तोंडांवरून ओळखायला नको."

रेकॉर्ड त्यांचीच होती. एक बाई गाते, मागे व्हायोलिन, आणि मधूनच एक मोठा ढोल.

आधी मी मामाचा लावला. बाई गायला लागली आणि खरं सांगतो, ती खोलीतच बसली आहे असं वाटलं. मामीनं नकळत पदर सारखा केला. पण ढोल आला आणि पीठ सैल झाल्यासारखा पसरला. थापेवर थाप, कुठली कुठे संपली पत्ता नाही. मामाचं तोंड बघवेना.

"चालेल," आजोबा म्हणाले.

मग काकांचा. ढोल असा आला की खिडकीची काच दचकली. थाप पडायची आणि जागच्या जागी थांबायची. पण बाई मात्र फलाटावरच्या गाड्यांच्या वेळा सांगत असल्यासारखी गायला लागली.

"चालेल."

"पुन्हा ऐका, बाबा," मामा म्हणाला. मी पुन्हा मामाचा जोडला. बाईनं सूर धरला तोच आजोबांनी नाक वर केलं.

"हा थोरल्या जावयांचा."

"कसं ओळखलंत?" काका चकित.

"जळका वास येतोय."

चादर ओघळून व्हॉल्व्हवर टेकली होती. मामानं झडप घालून ती ओढली. मधोमध बशीएवढं तपकिरी भोक.

"अहो!" मामी ओरडली. "पाहुण्यांची चादर!"

"पाहुण्यांना बाजूला झोपवू," मामा पुटपुटला.

मामी चादर आवरायला स्पीकरच्या मागे गेली ती तिथंच थांबली. "इथं मागे चार चार खुंट्या कशाला आहेत? दोनच तारा लावता ना?"

"वरच्या जोडीला बारीक आवाजाचा स्पीकर, खालच्या जोडीला जाड आवाजाचा," काका म्हणाले. "मध्ये पितळी पट्टी आहे, म्हणजे एकाच ॲम्प्लिफायरवर दोन्ही चालतात."

मामीनं धाकट्या बहिणीकडे बघितलं. धाकटी हसली. "ताई, आपल्या बाबांसारखंच की गं. त्यांची औषधं तू बघतेस, त्यांचा राग मी बघते. एकटीला जमलं असतं का?"

"मी इथंच बसलोय," आजोबा डोळे न उघडता म्हणाले.

दोन्ही जावई एकमेकांकडे बघत राहिले. एक जोडी एका ॲम्प्लिफायरला आणि दुसरी दुसऱ्याला द्यायची, ही युक्ती त्यांना माहीत नव्हती असं नाही. पण साडूचा ॲम्प्लिफायर आपल्या ॲम्प्लिफायरच्या पंक्तीला बसवायचा, हे दोघांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

"ढोल तुम्ही घ्या," मामा शेवटी म्हणाला. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड वाक्य ते.

काकांनी पितळी पट्ट्या काढल्या. खाली काळी पेटी, वर व्हॉल्व्ह. त्यानंतर आवाजांचा मेळ बसवायला दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसले.

"जरा कमी करा, तुमचा ढोल माझ्या बाईच्या डोक्यात बसतोय."

"तुमच्या बाईलाच जरा मोठ्यानं गायला सांगा, भाऊ."

"हां. बस. आता हात लावू नका. लावू नका म्हटलं ना!"

मी सुई टेकवली. बाई पुन्हा येऊन खोलीत बसली. ढोल आला, तिच्या मागे उभा राहिला आणि सांगितलं तिथं थांबला. मामी जळकी चादर हातात धरून तशीच उभी होती. रेकॉर्ड संपली, सुई खरखरत राहिली.

"छान," आजोबा म्हणाले.

मामानं आधी माझ्याकडे बघितलं, मी ऐकलं की नाही हे ताडायला. मग तो घाईघाईनं उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.

स्पीकर आता मामाच्या बैठकीत आहेत. काळी पेटीही तिथंच आहे, त्यामुळे काका रोज संध्याकाळी 'पेटीची तब्येत बघायला' येतात आणि चहा पिऊन जातात. खिडकीतली भांडणं बंद झाली, गल्लीची करमणूक गेली. घरात मात्र नवं भांडण जोरात आहे. 'छान' म्हणताना आजोबांचं तोंड नेमकं कोणाकडे होतं?

"माझ्याकडे," मामा म्हणतो.

"भाऊ, त्यांचे डोळे मिटलेले होते."

"मिटलेलेच, पण माझ्याकडे."

परवा दोघांनी थेट आजोबांनाच विचारलं. त्यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि मामीला म्हणाले, "चालेल."