संगणकाचं रुखवत

परंड्यात एका कारागिराचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर ‘वर्ल्ड’ हा शब्द नाही, एवढ्यावरच माझं त्याच्याविषयी बरं मत झालं. कुणी नवा प्रोग्रॅम टाकून मागितला की तो म्हणतो, “आधी रुखवत तर बघा!” संगणकाबरोबर आयते आलेले प्रोग्रॅम म्हणजे त्याचं रुखवत. विंडोजचं आटोपशीर, मॅकचं देखणं, पण लिनक्सचं लई भरगच्च, असा त्याचा निवाडा.

एकदा एक निवृत्त शिक्षिका आपला लिनक्सवाला लॅपटॉप विकायला आल्या. म्हणाल्या, “नजर गेली. वाचायचं संपलं आता.” जुन्या लॅपटॉपला त्याच्याकडं गिऱ्हाईक तयार होतं. तरी त्यानं दोन-चार बटणं दाबली.

“बाई, वाचून दाखवणारा पहिल्यापास्नं आतच हाय की. कुणी हाकच मारली न्हाय त्याला.”

यंत्र बाईंनी साठवलेला एक धडा बोबड्या मराठीत वाचू लागलं, पण पंख्याच्या घरघरीत काही कळेना. त्यानं पंखा बंद केला. भर मे महिन्यात आम्ही गिऱ्हाइकं घाम पुसत बसलो. बाई यंत्राला म्हणाल्या, “सावकाश वाच रे.” धडा संपेपर्यंत त्यानं कुणाला पंख्याच्या बटणाला हात लावू दिला नाही.