बर्फावर कोलाटम

हसायचंच असेल तर आधी कप खाली ठेवा, नाहीतर चहा अंगावर सांडेल. मी केलेला घोटाळाच तसा आहे!

राज्याची वाटणी चालली होती तेव्हाची गोष्ट. मी हैदराबादेत जामबागच्या एका मुलींच्या कॉलेजात मराठी शिकवायची. वर्गात चार पोरी, म्हणजे मी रिकामीच, असं आमच्या प्रिन्सिपल मॅडमचं गणित. म्हणून आइस हॉकीच्या संघाची मॅनेजर कोण? मी! बर्फाशी माझा संबंध किती? उसाच्या रसात पडतो, तेवढाच.

हैदराबादच्या उन्हात आइस हॉकी! पोरी कॉलेजच्या सिमेंटच्या अंगणात चाकाचे बूट घालून सराव करायच्या. आज बंद, उद्या मोर्चा, परवा रास्ता रोको. एकेक करत हंगामातल्या सगळ्या मॅच रद्द झाल्या. उरली एक, हिमाचलच्या कॉलेजशी, मॉलमधल्या इवल्याशा बर्फाच्या रिंकवर.

मॅडमनी बजावलं, "ये मॅच नै हुई तो टीम बंद. समझे?"

पोरींचे चेहरे उतरले. मी ऐटीत म्हटलं, "पाहुण्यांना आणायला मी स्वतः जाते."

नव्या राज्याचा जल्लोष होता त्या दिवशी. स्टेशनवर ढोल, गुलाल, गर्दी. त्यात एका रंगाच्या ट्रॅकसूटमधल्या दहा-बारा पोरी दिसल्या. हातात काठ्या! आणखी काय पुरावा हवा?

"उत्तर से आए?" मी विचारलं.

"हौ मॅडम, उत्तर से."

"ठंडी बहोत रहती होगी?"

"जनवरी में तो पूछो नक्को!"

आता हिमाचलची मुलगी 'हौ' आणि 'नक्को' म्हणते, तरी मला शंका येऊ नये? नाही आली! वाटलं, शहराचं पाणी लगेच लागलं. काठ्या वीतभर होत्या. वाटलं, घडीच्या असतील. शिकलेल्या माणसाची कल्पनाशक्ती मोठी असते हो!

रिंकवर पोचलो. बर्फ बघून त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"इस पे?" त्यांची लीडर म्हणाली.

"शरमाओ नक्को, बूट पहनो," मी दटावलं.

बर्फावर पाऊल टाकताच पहिली पडली, तिला धरायला गेलेली दुसरी पडली. उठल्या, घाबरून गोल केला, मधे चेंडूऐवजी असतो तो रबरी पक आला, आणि टिपऱ्या वाजवत गाणंच सुरू केलं की! आमच्या पोरी पक काढायला धावल्या आणि घेऱ्याबाहेर एकीवर एक कोसळल्या.

मॅच बघायला आलेल्या मॅडमनी भुवई उचलली. "ये क्या है?"

"झोन डिफेन्स, मॅडम," मी ठोकून दिलं.

"वा!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे बाईचा आवाज, "जी, मैं हिमाचल की कोच. हमें स्टेशन से कोई ले आया, स्टेज पर बिठा दिया, हार पहना दिए. अब नाचने को कह रहे हैं. बर्फ कहाँ है?"

माझ्या पायाखालचा बर्फ सरकला.

"मेले!" तोंडातून निघालं.

घेऱ्यातली लीडर वळली. "अगंबाई, मॅडम, तुम्ही मराठी? आम्ही आदिलाबादच्या, राज्याच्या उत्तर टोकाच्या. कोलाटमला आलोय, टिपऱ्यांच्या नाचाला. वाटलं, नवं राज्य, नवी तऱ्हा! पण पब्लिक कुठंय?"

काय सांगू? पब्लिक तिकडे हिमाचलच्या पोरींना टाळ्या वाजवून नाचवत होतं!

गाड्या धावल्या, अदलाबदल झाली. हार घातलेल्या हिमाचली पोरी आल्या आणि चहा संपायच्या आत त्यांनी आमचा फडशा पाडला. टिपऱ्यावाल्या पोरींची लीडर, कमल तिचं नाव, बाकीच्यांना नाचायला पाठवून मागे थांबली होती आणि पडणाऱ्या आमच्या पोरींना ओरडून धीर देत होती, "घाबरू नक्का! हात धरा!"

पण मॅच झाली होती! संघ वाचला. मी हळूच मॅडमकडे बघितलं.

"टीम रहेगी," मॅडम म्हणाल्या. "मॅनेजर बदलेंगे. वो कमल करती क्या, पूछो. आप मराठीवाले हैं ना, आपही पूछो."

माझीच खुर्ची मीच दुसरीला देऊ करायला गेले. कमल लाजली, पदर नव्हता म्हणून ट्रॅकसूटची चेन ओढली आणि म्हणाली, "करते की मॅडम. पण एक अट आहे. पाहुण्यांना आणायला स्टेशनवर तुम्ही जायचं नाही."