बाई वाचेपर्यंत

बाई मनात वाचत नसत. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, एसटीची पाटी असो की मोबाईलवरचा मेसेज, त्या मोठ्याने वाचत, शेवटच्या शब्दापर्यंत, पूर्णविरामाला थांबून. दवाखान्याच्या रांगेत त्यांनी स्वतःचा केसपेपर असाच वाचला होता आणि सगळी रांग ऐकत होती. जन्मभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेले. गप्प बसून वाचणं त्यांना लबाडीसारखं वाटे. "मनात वाचलं म्हणतात, पण वाचलं कशावरून?" असं त्या विचारत.

मला त्यांनी दुसरीत शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या माझ्या भोरच्या संगणक वर्गात शिकायला आल्या. दारातूनच "जयभीम, मॅडम" म्हणाल्या आणि माझी फिरकी घेतल्याच्या आनंदात पहिल्या बाकावर बसल्या. त्या सुमारास आम्ही काही जण जुने संगणक दुरुस्त करून भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या शाळांना देत होतो. त्यांवर मुक्त कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसवायची. ती फुकट मिळते आणि तिच्यात कुणालाही सुधारणा सुचवता येतात. जुन्या यंत्रावर ती बसायला बराच वेळ लागतो. तोवर पडद्यावर एकामागून एक स्लाइड येत राहतात: इथे पत्र लिहा, इथे चित्र काढा, इथे गाणी ऐका. "स्वयंपाक होईस्तोवर पाहुण्याला बोलण्यात गुंतवायचं, तसं," हे ऐकून बाई म्हणाल्या.

मग त्याही आमच्याबरोबर येऊ लागल्या. पासलीच्या शाळेत त्यांनी त्या स्लाइड पहिल्यांदा पाहिल्या. नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागल्या आणि वाक्य अर्ध्यात असतानाच स्लाइड बदलली.

"अरे! मी वाचतेय ना अजून!" बाईंनी पडद्याला दटावलं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या थोड्या शिकलेल्या, ओळीखाली बोट धरून वाचणाऱ्या. म्हणाल्या, "बाई, तुमचं निम्मं तरी झालं. म्या पयल्याच शब्दावर हाय, अन् ह्ये गेलं की पळून!"

बाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस का, यादीवाले? लिही."

मला यादीशिवाय काम सुचत नाही, म्हणून त्यांनी मला हे नाव ठेवलं होतं. पुढच्या आवृत्तीसाठी सुधारणांची यादी तिथे सुरू झाली. दर रविवारी आम्ही माझ्या वर्गात बसायचो. पुण्याहून समीर फोनवर असे. तो संगणक अभियंता. आमचे बदल त्या कार्यप्रणालीचा प्रकल्प चालवणाऱ्यांकडे तोच पाठवी. काचेच्या हॉटेलात लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाचं चित्र बाईंना खटकलं. "हा एवढा का हसतोय? ह्याला काय कामधंदा नाही का?" ते काढलं. इंटरनेटची स्लाइड मागे ढकलली, कारण पासलीत रेंज शोधायला बांधावर जावं लागतं. पहिल्या स्लाइडवर बाईंनी नवं वाक्य घातलं: 'वीज गेली तर घाबरू नका. पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते.' समीर म्हणाला, ही जागा सूचनांची नाही, वैशिष्ट्यं सांगायची आहे. "पुन्हा पहिल्यापासून करता येतं, हे वैशिष्ट्य नाही का रे?" बाईंनी विचारलं. वाक्य राहिलं.

अडकलं ते एकाच गोष्टीवर. स्लाइड किती वेळ थांबली पाहिजे? आमच्या हट्टापायी प्रकल्पवाल्यांनी मराठीला वेगळा वेळ ठेवायचं कबूल केलं होतं, पण प्रत्येक स्लाइडचा वेळ त्यांना ठरावीक मुदतीच्या आत कळायला हवा होता. समीर म्हणाला, अक्षरं मोजून हिशेब काढू. बाई म्हणाल्या, "अक्षरं मोजून श्वास कळतो का? मी वाचते, तुम्ही घड्याळ लावा."

पण तोवर त्यांचा आवाज बसला होता. आम्ही कुणी ते मनावर घेतलं नाही. शिक्षिकेचा घसा तो, बसणारच, असं सगळे म्हणत आणि ज्येष्ठमध आणून देत. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा स्वरयंत्राचा कर्करोग निघाला, तोही पुढे गेलेला. स्वरयंत्र काढायचं ठरलं. मुदतीच्या आत ऑपरेशनची तारीख होती. म्हणजे वाचायचं ते त्याआधीच.

मी म्हटलं, इथे भोरलाच वाचा, प्रवास नको. त्यांनी मान हलवली. "पासलीला. मावशी समोर बसतील. समोर कुणी असलं की मी नीट वाचते."

आम्ही टेम्पोने गेलो. वळणावळणावर त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. शाळेत गेल्यावर मात्र खुर्ची नको म्हणाल्या. उभं राहून वाचलं. आवाज म्हणजे नुसती घरघर. पहिली स्लाइड झाली. दुसरीच्या मध्यावर खोकला आला; थांबल्या, पुढे वाचलं. चौथीला त्यांनी हाताने पाणी मागितलं. मी मोबाईलवरचं घड्याळ बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "चालू दे." मावशी पडद्याकडे बघत, ओठ हलवत, हवेत बोट सरकवत वाचत होत्या. बाईंचा शेवटचा शब्द आणि मावशींचा शेवटचा शब्द एकाच वेळी संपत होता.

"आता पुरं झालं वाचून," मावशी म्हणाल्या. "पयल्यांदाच पुरं झालं, बाई."

समीरने वेळ पाहून फोन केला. "दुसरी आणि चौथी फारच लांबल्यात. खोकल्याचा, पाण्याचा वेळ वजा कर ना, ताई." मी त्याला मावशींचं सांगितलं. तो म्हणाला, "आहे तसं पाठवतो."

ऑपरेशननंतर बाई पाटीवर लिहून बोलत. मी भेटायला गेले की वर्तमानपत्र पुढे सरकवत आणि बोटाने टेबलावर टकटक करत: मोठ्याने वाच. मी घाईने वाचलं तर टकटक जोरात होई. एकदा पाटीवर लिहिलं, 'स्लाइड आल्या का?' मी म्हटलं, आवृत्ती यायची आहे. पुढे दुखणं फुप्फुसात उतरलं. शेवटी पाटीसुद्धा पेलवेना. आवृत्ती आली, तेव्हा बाई नव्हत्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मावशी पासलीहून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "आता मोठ्यानं कोण वाचायचं?"

या वर्षी हिर्डोशीच्या शाळेत नवी आवृत्ती बसवायला गेले. तिथले गुरुजी तरुण आहेत, नुकतेच आलेले. पहिली स्लाइड आली: वीज गेली तर घाबरू नका. मुलं एका सुरात वाचायला लागली. दुसरी आली, जरा रेंगाळली; तिसरी आली. चौथीवरचं मुलांचं वाचून संपलं आणि स्लाइड तशीच राहिली.

"मॅडम, अडकलं वाटतं," गुरुजींनी माउसकडे हात नेला.

"नाही," मी त्यांचा हात धरला. "थांबा. इथे बाई पाणी प्यायल्या होत्या."